शुक्रवार ते गुरुवार

"सदाभाऊ, तुमचं वडील आल्यात! कोपऱ्यावर पत्ता विचारायलेत!"

शेजारच्या हौसाबाई दारातून ओरडल्या तेव्हा मी खोलीच्या मधोमध बसलो होतो. न वाकणारा उजवा पाय समोर लांब पसरलेला, डाव्या मांडीशी परात, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. भोवती नुकताच आणलेला आठवड्याचा बाजार मांडला होता. मेथी आणि चाकवत एका बाजूला, वांगी आणि घेवडा दुसऱ्या बाजूला, कांदे-बटाटे कोपऱ्यात, आणि कागदाच्या पुड्यांत डाळ, मटकी, हुलगे.

मी उठायला गेलो आणि धपकन परत बसलो.

"हौसाबाई, आत या. ही परात घ्या."

"मी?"

"घ्या हो! आबांनी मला असं बघितलं तर..."

बोलणं पुरं करायला वेळ नव्हता. मी बूड घासत कॉटपर्यंत गेलो, धोतराच्या फडक्याला हात पुसले, वर चढलो आणि पायांवर चादर ओढली. हौसाबाई परातीपुढे बसतात न बसतात तोच दार अंधारलं.

आबा कुठल्याही दारातून आत येताना वाकायचे. साठी ओलांडली होती, पण खांदे तसेच होते. आमच्या गावात आणि आसपासच्या दहा-वीस गावांत ते सिदू पैलवान म्हणून ठाऊक होते. कुस्ती सोडून जमाना झाला, तरी जत्रेच्या मैदानात त्यांना फेटा बांधल्याशिवाय पहिली जोड लागत नसे.

"काय रं सदा, पाय कसा हाय?"

"बरा हाय आबा. बसा की."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "सूनबाई?"

"कामावर गेलीय."

"मग ह्या?"

हौसाबाईंनी पदर पुढे ओढला. "मी शेजारची. भाकरी टाकून देते. घरात बाईमाणूस नसलं की हाल हुत्यात न्हवं."

आबा "हं" म्हणाले आणि कॉटच्या दुसऱ्या टोकाला बसले. कॉट करकरली. हौसाबाईंनी थापलेली पहिली भाकरी तव्यावर पडली, आणि मला एकदम आठवलं. पिठात अजून मीठ पडलं नव्हतं.

आम्ही तेव्हा इचलकरंजीत राहायचो. खोल्यांची एक लांब ओळ होती, त्यातली आमची एक. मी यंत्रमागावर कामाला होतो. पावसाळ्याच्या अखेरीला रात्रपाळी करून सायकलवरून येताना पुलाच्या कठड्यावर आदळलो आणि गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण गडबड करू नका. गडबड न करता बसायचं म्हणजे खायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते वैजयंतानं, माझ्या बायकोनं, ठरवलं. मला घरी आणून आठवडा होतो न होतो तोच ती एका कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागली. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती यंत्रावर भरून द्यायची. सकाळी सातला जायची, संध्याकाळी सहाला यायची. पगार दर गुरुवारी, आणि आमच्या भागातला बाजार शुक्रवारी सकाळी. माझ्या पगाराच्या निम्मासुद्धा नव्हता तो. त्यातून भाडं, रॉकेल, दवाखाना वजा जाता जे उरेल त्यात आम्ही चौघं. ती, मी, आठ वर्षांची उज्ज्वला आणि नुकता शाळेत जायला लागलेला धनाजी.

सुरुवातीला ती दोन्ही करायची. पहाटे उठून स्वयंपाक, दिवसभर उभं राहून काम, परत आल्यावर पुन्हा स्टो. एकदा जेवताना तिचा घास तोंडाशी तसाच राहिला, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी कॉटवरून खाली उतरलो आणि परात ओढली.

पहिली भाकरी तव्यावर गेली ती चार तुकड्यांत. पण भाकरी हाताला वळण लागलं की येते. अवघड होता तो बाजार. पहिल्या शुक्रवारी शेजाऱ्याच्या सायकलवर मागे बसून गेलो आणि डोळ्याला दिसेल ते घेतलं. फ्लॉवर काय, टोमॅटो काय, कोवळे वाटाणे काय. सोमवारी निम्मं सडलं. मंगळवारपासून मीठ-भाकरी. बुधवारी उज्ज्वला ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, आई करायची तेव्हा गुरुवारपर्यंत भाजी असायची."

तेवढं एक वाक्य मला लागलं. मी हौसाबाईंना गुरू केलं. पालेभाजी शुक्रवार-शनिवारी संपवायची, कारण ती थांबत नाही. मग वांगी, मग घेवडा. बटाटा मंगळवारचा. पुढचे दोन दिवस कडधान्यं, ती कितीही वाट बघतात. बाजार उठायच्या वेळेला जायचं, पण पार शेवटी नाही, नाहीतर नुसता पाचोळा मिळतो. तेलाची बाटली भिंतीकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे हात सारखा तिकडे जात नाही. महिन्याभरात असं झालं, की गुरुवारी रात्री डबा उपडा केला तर मूठभर पीठ निघायचं आणि सगळ्यांची पोटं भरलेली असायची. वैजयंता हसून म्हणायची, "मला एवढं जमत नव्हतं." मागावर मी कधी इतका खूश झाल्याचं आठवत नाही.

पण हे सगळं आमच्या दाराच्या आत होतं. आबांसमोर ते आणायची माझी छाती नव्हती. आमच्या घरात चुलीपुढे पुरुष बसलेला मी पाहिला नव्हता. आबा तर पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं घ्यायचे नाहीत. आई जिवंत होती तोवर त्यांनी ताटाकडे हात करायचा आणि तिनं काय हवं ते ओळखायचं.

संध्याकाळी वैजयंता आली. आबांच्या पाया पडली, पोरांना त्यांच्या मांडीवर दिलं आणि चहा टाकायला बसली. मी काठी टेकत तिच्याजवळ गेलो.

"मी करतो म्हणून सांगू नको," मी कुजबुजलो.

"का?"

"अगं, सिदू पैलवानाचा पोरगा भाकऱ्या थापतो, हे गावात कळलं तर?"

"कळंना का. चोरी करताय का काय? सांगून टाका की."

"ते जाऊ देत. मग बघू."

"कधी जाणार हाईत?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं, चहात साखर घातली आणि म्हणाली, "बरं."

शनिवारी पहाटे स्टोचा आवाज ऐकून मी जागा झालो. वैजयंता स्वयंपाकाला बसली होती. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी मान उंचावून बघितलं आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. तिनं वांगी कापायला घेतली होती! रविवारची वांगी! मेथी तशीच पडून होती, उद्यापर्यंत पिवळी पडणार होती. मी खोकलो. तिनं वळून बघितलं. मी डोळ्यांनी मेथीकडे खुणावलं. तिला वाटलं मला पाणी हवंय. तांब्या आणून दिला आणि सगळी वांगी चिरून टाकली.

तिचा दोष नव्हता. दोन महिने तिनं डब्यांना हात लावला नव्हता. कुठली पुडी कशासाठी ठेवलीय हे माझ्या डोक्यात होतं, आणि मी कॉटवर आजाऱ्यासारखा पडून होतो. त्यात आबांचं जेवण. त्यांना मोजून वाढायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. ते शांतपणे, मान खाली घालून जेवायचे. भाकरीमागून भाकरी जायची, आमटीची वाटी ते तोंडाला लावायचे, आणि ताट असं स्वच्छ करायचे की धुवायला नको. बाप पोटभर जेवतोय याचा आनंद व्हायचा, आणि त्याच वेळी पिठाच्या डब्याचा तळ डोळ्यांपुढे यायचा.

"आज्जा, तुमी किती खाता!" धनाजी कौतुकानं म्हणाला.

"धन्या!" मी दटावलं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "खरं बोलतंय पोरगं."

दिवसभर आम्ही दोघंच. मी कॉटवर, ते उंबऱ्यावर. बोलणं थोडंच. पाऊसपाणी, म्हशीचं रेडकू, थोरल्या महादूदादाचं उसाचं बिल. मध्येच ते विचारायचे, "दिसभर काय करतोस रं?" मी म्हणायचो, "काय करणार? पडून असतो." ते मान हलवायचे. मला वाटायचं, ते मनात म्हणत असणार, हेच ते माझं पोरगं, बायकोच्या जिवावर पडून खातंय. आणि पडून नसतो हे सांगायचं म्हटलं तर जीभ उचलायची नाही.

सोमवारी बटाटे संपले. मंगळवारी सकाळी वैजयंतानं डाळ शिजायला टाकली ती निम्म्याहून जास्त. मी डोकं धरलं. तिचं डाळीकडे लक्षच नव्हतं. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. त्या संध्याकाळी भाकरी उलटताना तिचा तोल गेला आणि तळहात तव्यावर टेकला. ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला आणि हात पाण्याच्या बादलीत घातला.

"बघू," मी म्हणालो.

"काय न्हाई. जरा चटका बसला."

आबा पोरांना गोष्ट सांगत होते. ते थांबले. त्या दिवशी त्यांनी एक भाकरी खाऊन हात धुतला.

बुधवारी पहाटे ती उठायला लागली तेव्हा मी तिचा दंड धरला. तळहातावर केवढा तरी फोड आला होता.

"झोप अजून. आज मी करतो."

"आणि मामंजी?"

"काल म्हणत होते की सकाळी तालमीकडे जाऊन येतो, जुना कुणीतरी जोडीदार हाय तिथं. उन्हं वर आल्याशिवाय येत न्हाईत."

ती चहा पिऊन तशीच कामावर गेली. पोरं शाळेत गेली. आबा टोपी घालून बाहेर पडले. मी दार लोटलं, खाली उतरलो आणि डबे उघडले.

डबे बघून हसावं का रडावं कळेना. ज्वारीचं पीठ तळाला. डाळ नाही. तेल बोटभर. मूठभर तांदूळ, कांदे दोन-चार, लसणाचा एक गड्डा, आणि हुलग्यांची पुडी. ती तेवढी वाचली होती, कारण वैजयंताला ती सापडलीच नव्हती. उद्या गुरुवार. पगार संध्याकाळी हातात येणार, बाजार परवा. सहा वेळची पोटं आणि एवढंच सामान.

मी परात ओढली, पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि मळायला लागलो. पाच दिवसांनी हाताला पीठ लागलं होतं. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पहिली भाकरी थापून झाली आणि उचलणार, तेवढ्यात दार उघडलं.

आबा वाकून आत आले.

मी भाकरी हातावर घेऊन तसाच बसलो. लपवायला जागा नव्हती, उठायला पाय नव्हता. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. माझ्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं. बाहेर कुणाच्या तरी मागाची खटखट चालली होती.

"आबा, मी..."

"तव्यावर टाक ती. वाळंल."

मी टाकली. घाईत भाकरी एका बाजूला दुमडली. आबा सावकाश खाली बसले, मांडी घालून, परातीच्या पलीकडे. पिठाच्या गोळ्यावर दोन बोटं दाबली.

"गार पाण्यात मळलंस. ज्वारी जुनी हाय, गार पाण्यात चिरणारच. ऊन पाणी घे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बघतोस काय? पाणी ठेव."

मी पाणी ठेवलं. त्यांनी बाह्या वर सारल्या, परात स्वतःकडे ओढली आणि ऊन पाण्यात पीठ मळायला घेतलं. ते पंजे मी कुस्तीत बघितले होते, बैलाच्या शिंगांवर बघितले होते. परातीत कधी बघितले नव्हते. तळव्याच्या कडेनं ते गोळा रेटायचे, फिरवायचे, पुन्हा रेटायचे. मग थापलेली भाकरी अशी अलगद उचलली, की काठ कुठे हलला नाही.

"आबा, तुम्हाला येतं?"

"तालमीत काय आई हुती व्हय आमची? वस्तादाचा नेम हुता, आळीपाळीनं ज्यानं त्यानं रांधायचं. माझी पाळी आली की सगळी पोरं खूश असायची." ते थोडे थांबले. "माझी आमटी बरी व्हायची."

"घरात कधी बोलला नाही."

"घरात कुणी इचारलं? लगीन झालं, तुझ्या आईनं ताट पुढं ठेवलं, मी बसलो. ती ठेवत गेली, मी बसत गेलो."

तवा तापला होता. भाकरी फुगली. त्यांनी ती हातानंच उलटली, चिमटा घेतला नाही.

"एकदा केलं हुतं," ते म्हणाले. "ती आजारी हुती तवा, शेवटी-शेवटी. महादूची बायको माहेरी गेली हुती. मी पिठलं केलं आणि ऊन ऊन नेऊन दिलं. तिनं एक घास खाल्ला आणि रडायलाच लागली. मला वाटलं, मीठ जास्ती झालं."

आबांनी दुसरा गोळा घेतला.

"मीठ बराबर हुतं," ते म्हणाले. "मी मागनं खाऊन बघितलं."

मग त्यांनी डबे बघायला मागितले. एकेक झाकण उघडून आत डोकावले. पिठाचा डबा कलता करून वास घेतला.

"बाजार कधी?"

"परवा."

"आणि हे एवढंच?"

मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ओशाळलेपणा म्हणावा तर तसा, हसू म्हणावं तर तसं. "मी आठवड्याचं चार-पाच दिसात खाल्लं म्हण की."

"तसं काही न्हाई आबा."

"तसंच हाय. हुलगं काढ."

त्या दिवशी आबांनी मला तालमीतली युक्ती शिकवली. हुलगे भरपूर पाण्यात शिजवायचे. ते पाणी गाळून, थोडे दाणे त्यात वाटून, लसणाची फोडणी देऊन आमटी करायची. उरलेले दाणे कांद्यावर परतले की उसळ. एका मुठीत दोन पदार्थ. आमटी उकळताना ते सारखे पळीनं ढवळत होते आणि मला बाजाराबद्दल विचारत होते. पालेभाजी आधी का, वांगी कुठली घेतोस, तेल किती जातं. मी सांगत होतो. सांगता सांगता माझा आवाज मोकळा झाला. मधे एकदा त्यांनी विचारलं, "आणि हे पार गुरुवारपत्तोर पुरतं?"

"पुरतं. पावणा नसला तर."

बोलून गेलो आणि जीभ चावली. आबा खोलीभर हसले. एवढं मोठ्यानं हसलेले मी त्यांना किती वर्षांनी ऐकत होतो.

गुरुवारी दुपारी आम्ही जेवायला बसणार तोच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एक रिकामा टेम्पो दाराशी उभा होता, आणि ड्रायव्हरच्या शेजारून महादूदादा उतरत होता, माझा थोरला भाऊ. आत येऊन त्यानं इकडेतिकडे बघितलं.

"हे काय? सामान बांधलं न्हाई अजून?"

"कसलं सामान?" मी विचारलं.

दादानं आबांकडे बघितलं. आबा खाली बघत होते.

"आबा, तुमी सांगितलं न्हाई व्हय ह्याला? अरं सदा, तुमास्नी न्यायला आलोय. बिऱ्हाड घेऊन चल घरी. गोठ्याकडची खोली सारवून घेतलीय. पाय बरा हुईस्तवर राहा, मग बघू. गावात लोक काय काय बोलायल्यात. धाकटा बायकोच्या कमाईवर बसून खातोय म्हणत्यात. आपल्याला कशाला ऐकून घ्यायचं?"

दादा प्रेमानंच बोलत होता, हे मला दिसत होतं. माझ्यासाठी त्यानं स्वतःच्या दोन म्हशी दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधल्या होत्या, हे नंतर कळलं. पण मला त्या क्षणी वैजयंताचा तो भाजलेला हात आठवला, त्या हातानं ती आत्ता तिकडे कांड्या भरत असेल. उज्ज्वलाची शाळा आठवली. एकदा इथून उठलो की गोठ्याशेजारच्या खोलीतून मी पुन्हा कधी उठणार नाही, असं काहीतरी आत वाटलं. आणि आबा सात दिवस कशासाठी बसून होते, ते आत्ता लक्षात आलं. त्यांचा शब्द मोडायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"आधी जेव," आबा दादाला म्हणाले. "लांबनं आलाईस."

दादा बसला. मी वाढलं. उभ्यानं वाकता येत नव्हतं म्हणून बसल्या जागेवरून सरकत वाढलं. दादानं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"आमटी झकास झालीय," तो म्हणाला. "वैजयंता करून गेली व्हय कामाला?"

माझ्या हातात भाकरीचं टोपलं होतं. आबांनी सांगावं असं मला वाटत होतं. त्यांनी सांगितलं असतं तर सोपं झालं असतं. पण ते ताटाकडे बघत बसले. शेवटी माझ्याच तोंडून निघालं.

"मी केलीय. भाकरी पण मीच केली. बाजार पण मीच करतो. दोन महिने झाले."

दादाचा हात ताटातच राहिला. त्यानं घाबरून आबांकडे बघितलं. लहानपणी मी काही फोडलं की तो असंच बघायचा.

आबा म्हणाले, "आमटी वाढ त्याला अजून."

मी वाढली.

"आबा, ड्रायव्हर थांबलाय," दादा हळूच म्हणाला. "सामान भरायचं न्हवं?"

"कुणाचं?"

"ह्यांचं."

"ह्यांचं घर चाललंय महादू. मी आठ दिस बसून बघितलं. ती राबून आणती, ह्यो राबून पुरवतोय. चालत्या घराला कुणी उचलून नेतं व्हय?"

"पण लोक..."

"लोकास्नी म्हणावं, सिदू पैलवान जाऊन जेवून आला." त्यांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी करून खाली ठेवली. "ड्रायव्हरला आत बोलव. त्यानं काय घोडं मारलंय?"

ड्रायव्हर आला, तोही जेवला. टोपल्यात काही उरलं नाही. दुपार कलल्यावर आबा आणि दादा रिकाम्या टेम्पोतून परत गेले. जाताना आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, कुस्ती मारल्यावर वस्ताद ठेवतो तसा, आणि गाडीत चढले.

पुढे माझा पाय बरा झाला, पण गुडघा वाकला नाही तो नाहीच. मागापुढे उभं राहणं संपलं. ओळीतल्या एकट्या राहणाऱ्या दोन कामगारांना मी डबा द्यायला लागलो, मग पाच जणांना. मग शेजारची खोली रिकामी झाली तेव्हा ती घेतली आणि तिथं खानावळ काढली. वैजयंतानं कांड्यांचं काम सोडलं ते गल्ल्यावर बसायला. सुगी झाली की आबा ज्वारीचं पोतं घेऊन यायचे आणि चार दिवस खानावळीच्या चुलीपुढे ठाण मांडायचे. त्यांची आमटी खायला लोक पाळत ठेवून असायचे. आज मुलगी सासरी आहे, मुलगा खानावळ बघतो, आबा जाऊन बरीच वर्षं झाली.

पण ते सगळं नंतरचं. त्या गुरुवारी संध्याकाळी वैजयंता घरी आली ती दारातच थबकली. कॉट, भांडी, ट्रंका, सगळं जागच्या जागी बघून तिनं चपला काढल्या.

"टेम्पो आला हुता?" तिनं विचारलं.

मी चमकलो. "तुला काय ठाऊक?"

"शुक्रवारी रात्रीच सांगितलं त्यांनी मला, नळावर. म्हणाले, सूनबाई, बांधाबांध कर, गुरुवारी टेम्पो येतोय, तुमास्नी न्यायला आलोय. मी म्हणलं, मामंजी, तुमचा मुलगा घर चालवतोय. भाकरी, बाजार, पोरांचं सगळं तेच बघतात. एक आठवडा राहून बघा. मग न्यायचं तर न्या."

"म्हणजे आबांना पहिल्या दिवसापासून..."

"व्हय."

"मग तू रोज पहाटे उठून कशाला मरत होतीस? हात भाजून घेतलास!"

ती भिंतीला टेकून बसली. पाय लांब केले. "तुमी सांगू नको म्हणाला हुता. तुमच्या आधी मी सांगितलं, हेच जास्ती झालं असं वाटत हुतं. मामंजी म्हणाले, त्याचं त्याला सांगू दे, मी थांबतो. मग ते पण थांबले, मी पण थांबले."

"आणि मी नसतोच बोललो तर?"

"बोलला न्हवं?"

"बोललो."

"कुणापुढं?"

"दादापुढं. आणि टेम्पोच्या ड्रायव्हरपुढं."

ती हसायला लागली. मग मीही. धनाजी विचारायला लागला की काय झालं, काय झालं, तशी आम्ही जास्तच हसलो. मग तिनं पदराची गाठ सोडून पगार माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "भूक लागलीय. काय हाय?"

डब्यात मूठभर तांदूळ होते, एवढेच. मी ते पुष्कळ पाण्यात मऊ शिजवले, वरून लसणाची फोडणी घातली आणि तिचा हात भाजलेला, चार ताटं घासायला नकोत म्हणून मोठ्या परातीतच ओतले. चौघं परातीभोवती बसलो. उज्ज्वला आईला चमच्यानं भरवत होती, आणि वैजयंता घास गिळता गिळता मला विचारत होती, उद्याच्या बाजाराला काय काय आणायचं ते.